हा टाका माझा नाही

सोमवार, ४ मार्च

ताई,

ख्यालीखुशाली शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी माझं ऐकून घे, कारण इथे मला कुणावर ओरडायचीसुद्धा सोय राहिलेली नाही.

काल रविवार. सकाळी आठलाच समोरची नर्स दारात उभी. "मावशी, आज मला सुट्टी, म्हणून तुम्हालाही सुट्टी. चला, बागेत जाऊ." मी म्हटलं, अगं, वरच्या पोस्टमनचा कोट बेतायचाय. तर तिने माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि हसत हसत मला जिना उतरवला. खाली माझी शाळेतली मैत्रीण, ती ग्रंथपाल होती ती, डबा घेऊन तयारच. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ही बाई एरवी दहाच्या आत अंथरूण सोडत नाही.

दिवस मात्र छान गेला, खोटं कशाला बोलू? तिघी बाकावर बसलो, डबे संपवले, तळ्यातल्या बदकांना नावं ठेवली, मग ओळखीतल्या बायकांना ठेवली. नर्सने तिच्या मोठ्या डॉक्टरांची नक्कल केली तेव्हा तर मला ठसका लागला. पाचला घरी आले तर दार उघडं. आत माझा लेक, सूनबाई आणि वरचा पोस्टमन हातात झाडू, फडकी घेऊन ओळीने उभे. "आई, डोळे मिट. आता उघड." आणि टाळ्या.

फरशी चकचकीत, दोन नवे दिवे, खिडकीला नवा पडदा. आणि भिंत कोरी. ताई, माझी भिंत कोरी!

तुला माहीत आहे ना ती भिंत? एकतीस वर्षं मी ह्या खोलीत शिवतेय, आणि एकतीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागदी नमुना त्या भिंतीवरच्या खिळ्याला. पुढा, पाठ, बाही, कॉलर, सगळं जुन्या वर्तमानपत्रातून कापलेलं, दोऱ्याने बांधलेलं, वर नाव. माणूस आला की खिळ्यावरून त्याची जुडी काढायची, कापडावर ठेवायची, खडू फिरवायचा. पोस्टमनचा डावा खांदा पिशवीच्या ओझ्याने दोन बोटं खाली आलाय, ते त्या कागदात होतं. नर्सची पाठ रुंद आणि कंबर बारीक, ते होतं. अख्ख्या गल्लीची अंगं माझ्या भिंतीवर टांगलेली होती.

लेक म्हणतो, "आई, दोन पोती रद्दी निघाली! उंदरांनी घर कसं केलं नाही त्यात?" आणि चेहऱ्यावर काय अभिमान! रद्दीवाला दुपारीच घेऊन गेला होता. आज सकाळी मी त्याच्या दुकानात धावत गेले. तो म्हणाला, "बाई, गाडी कालच कागदाच्या कारखान्याला गेली. आत्तापर्यंत लगदा झाला असेल."

आणि सर्वांत मोठा राग कशाचा, सांगू? मला रागावता आलं नाही. पोस्टमन साठीला टेकलाय, दिवसभर कंबर धरून त्याने भिंतीला रंग दिला. सूनबाईच्या हाताला फोड आला होता. अशांना काय बोलणार? मी सगळ्यांना चहा केला. "छान झालं हो, छान झालं," म्हणत हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

जाताना लेक म्हणाला, "आता कशी खोली बसाउठायला झाली. तसंही किती दिवस शिवणार आहेस? आमच्याकडची खोली रिकामीच आहे." कळलं ना आता, झाडू कुठून आला ते? पण मी तुला लिहून देते, हात चालतोय तोवर हे दुकान बंद होणार नाही. मला कुणाच्या रिकाम्या खोलीत बसून भिंत बघायची नाही.

तेवीस तारखेला पोस्टमन निवृत्त होतोय. त्याचा सत्कार आहे, त्याला नवा कोट हवाय. आणि माझ्याकडे त्याच्या अंगाचा कागद नाही. तुझा गुडघा कसा आहे?

ठमी

शनिवार, ९ मार्च

ठमे,

गुडघा आहे तिथेच आहे. तुझं पत्र तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाकीट हाताला चटका देतंय." मी म्हटलं, लहानपणापासून अशीच आहे.

आता थोडं शांतपणे ऐक. तुझं नुकसान झालं, मान्य. तुला विचारायला हवं होतं, तेही मान्य. पण अगं, माणसं बघ ना. आमच्या शेजारच्या दारामागे कोण राहतं, ते मला सहा वर्षांत कळलेलं नाही. मी जिन्यात पडले तेव्हा तासभर तिथेच बसून होते. आणि तुझ्याकडे शेजारी सुट्टीच्या दिवशी येऊन फरशी पुसतात, रंग देतात. लेक आणि सून राबतात. मैत्रीण डबा आणते. अशा दिवसाबद्दल लोक देवाचे आभार मानतात, आणि तू तक्रार करतेस.

कागद काय, पुन्हा होतील. टेप घे, मापं घे. आणि नाही झाले तर नाही. सदुसष्ट वर्षांची झालीस. एकतीस वर्षं मान खाली घालून बसलीस, आता मान वर करायला काय हरकत आहे? खोलीत उजेड तरी आला. तो फिकट पिवळा पडदा सकाळच्या उन्हात किती प्रसन्न दिसत असेल! तिथे खुर्ची टाक, वाचत बस. लेकाने खोली देऊ केली तर लगेच दात ओठ खाऊ नकोस. सगळ्यांच्या नशिबी असा लेक नसतो.

पोस्टमनला म्हणावं, चौकातल्या टेलरकडे जा ह्या वेळी. त्याला वाईट वाटणार नाही.

ताई

गुरुवार, १४ मार्च

ताई,

पडदा फिकट पिवळा आहे, हे तुला कुणी सांगितलं?

मी माझं पत्र शब्द न् शब्द आठवून पाहिलं. "नवा पडदा" एवढंच लिहिलं होतं. लेक फेब्रुवारीत ऑफिसच्या कामाला तुझ्या गावी आला होता, दोन रात्री तुझ्याकडे राहिला. तेव्हाच शिजलं ना हे? आणि वर मला माणसांची किंमत शिकवतेस! मला रद्दीवाल्याचा राग नाही, त्याचा तो धंदाच आहे. पण तू? तुला त्या भिंतीची किंमत माहीत होती. पहिला खिळा तू ठोकला होतास. हे गेल्यावर मी कोलमडून पडले होते, तेव्हा तूच मला धरून मशीनवर बसवलंस. आणि आता तूच उठवायला निघालीस!

थांब, अजून संपलं नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

तू सांगितलंस तशी मी टेप हातात घेतली. खरं सांगते, कितीतरी वर्षांनी घेतली. कागद होते, टेप लागतच नव्हती. पोस्टमनला खोलीत उभं केलं. "वहिनी, राहू द्या, कशाला त्रास," असं त्याचं सारखं चाललेलं, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी खांदा मोजला. दोन बोटं कुठली, तो चांगला चार बोटं खाली गेलाय. पोट पुढे आलंय. माझ्या कागदातला पोस्टमन दहा वर्षांपूर्वीचा होता.

मग मला प्रश्न पडला. दोन वर्षांपूर्वी मी त्याला जो करडा कोट शिवला, तो मी जुन्या कागदावरच बेतला होता. तो तर त्याच्या अंगावर आत्ता व्यवस्थित बसलाय. कसा बसला? मी म्हटलं, काढा तो कोट. तो काढेना. मी हात धरून काढायला लावला आणि खिडकीशी नेऊन आतून उलटा केला.

ताई, खांद्याची शिवण उसवून पुन्हा घातलेली. अस्तराला दुसरा दोरा. बाह्या दोन्हीकडून हलवलेल्या. काम सफाईचं आहे, बारीक आणि एकसारखं. पण हा टाका माझा नाही. शिवणाऱ्या बाईला आपला टाका कळतो, जसं तुला तुझं अक्षर कळतं.

"हे काय आहे?" म्हटलं. तो म्हणाला, "उसवलं होतं वहिनी, जरा..." "दोन्ही खांदे एकदम उसवले?" साठ वर्षांचा माणूस, शाळेत पकडलेल्या पोरासारखा जमिनीकडे बघत राहिला.

मी तशीच तडक गच्चीत गेले. दोरीवर नर्सचे गणवेश वाळत होते, मीच शिवलेले. चारही उलटे करून पाहिले. चारही उसवलेले, चारही नीट केलेले, तोच टाका.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. कोण आहे हा, कधीपासून चाललंय हे, आणि तुला काय काय माहीत आहे? पडद्याचा रंग माहीत होता, तर हेही माहीत असणार. ह्या वेळी मला सगळं हवंय. गुडघ्याची सबब चालणार नाही.

ठमी

मंगळवार, १९ मार्च

ठमे,

चार कागद फाडून हा पाचवा घेतलाय.

हो, माहीत होतं. तीन वर्षांपासून तुझं काम बिघडलंय. एक बाही लांब, एक आखूड. काज बटणापासून अंगुळभर दूर. डावीकडची शिवण सरळ निघते आणि खाली येईपर्यंत पळून जाते. पहिल्यांदा नर्सच्या लक्षात आलं. ती तुला सांगायला आली होती, पण तू तेव्हा इतक्या कौतुकाने तो गणवेश तिच्या अंगावर धरलास की तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने तो चौकातल्या टेलरकडे नेला. मग पोस्टमनने नेला. मग गल्लीतल्या सगळ्यांनीच. कपडा तुझ्याकडून घ्यायचा, तुझ्यासमोर "वा वा" म्हणायचं, आणि तिथून चौकात जायचं. टेलरला सगळ्यांनी शपथ घातलीय, तुला कळू द्यायचं नाही म्हणून.

मलाही तू दरवर्षी कोट पाठवतेस. गेल्या तीन वर्षांचे तिन्ही कपाटात आहेत. घालता येत नाहीत गं.

तुझ्या पत्रांतल्या ओळीसुद्धा वर्षभर डावीकडे उतरत चालल्या आहेत. नजर गेलीय तुझी. पण कोण सांगणार? लेकाने एकदा नुसतं "डोळे तपासू या" म्हटलं, तर तू कात्री टेबलावर आपटून म्हणालीस, "मी डोळे मिटून सुईत दोरा ओवीन." आठवतंय? नंतर जानेवारीत सुई बोटातून आरपार गेली, ते तू मला कळवलं नाहीस. नर्सने कळवलं, पट्टी तिनेच बांधली होती.

म्हणून लेक आला तेव्हा रडकुंडीला आलेला होता. "मावशी, आईला सांगितलं तर ती मोडेल, नाही सांगितलं तर एक दिवस हात कापून घेईल," म्हणाला. तेव्हा मी म्हटलं, ते कागद काढा. कागद गेले की ती आपणहून थांबेल. रागावेल, पण कागदांसाठी रागावेल. आपलं काम बिघडलंय हे तिला कधीच कळायला नको.

कल्पना माझी होती, ठमे. पडदाही मीच पसंत केला. लेकावर राग काढू नकोस. तुझी मान खाली जाऊ नये, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं.

ताई

शुक्रवार, २२ मार्च

ताई,

पत्र मिळालं. उत्तर देण्याच्या लायकीचं नाही.

बुधवार, २७ मार्च

ठमे,

हे कार्ड मिळताच दोन ओळी टाक. लेकाने कळवलंय की तू तीन दिवस दार उघडलं नाहीस, नर्सने बाहेर ठेवलेलं जेवण तसंच राहिलं. मी गाडीत बसून आले असते, पण भावोजी एकटीला सोडत नाहीत. मला शिव्या दे, पण लिही. आणि दार उघड.

ताई

सोमवार, १ एप्रिल

ताई,

जिवंत आहे. रागही जिवंत आहे, तो आधी घे.

तुम्ही सगळ्यांनी मिळून तीन वर्षं मला मूर्ख बनवलंत. मी कपडा हातात द्यायचे, समोरचा "मावशी, तुमच्या हातात जादू आहे" म्हणायचा, आणि मी रात्री त्या शब्दांवर समाधानाने झोपायचे. तो पाठ फिरवून चौकात! मान खाली जाऊ नये म्हणतेस? अगं, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, नव्हतं फक्त मला. ह्याहून मान खाली ती काय जायची? वाईट शिवलं तर माणसाने तोंडावर फेकावं. मी दुरुस्त केलं असतं. तुम्ही मला दुरुस्त करायची संधीच ठेवली नाहीत. आणि वर प्रेमाने! प्रेमाला उलट उत्तर तरी काय देणार?

तीन दिवस मी त्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसले. चौथ्या दिवशी उठले आणि चौकात गेले.

टेलर मशीनवर होता. मला बघून पाय थांबला त्याचा. चाळिशीचा असेल, केस पिकलेत. मी विचारलं, "किती कपडे?" तो म्हणाला, "बाई, बसा." मी म्हटलं, "बसायला आले नाही. माझं काय चुकतं, तेवढं सांगा." त्याने बाजूला पडलेला एक सदरा उचलला. माझाच होता, दुरुस्तीला आलेला. तो टेबलावर पसरून म्हणाला, "उजवीकडे एकही चूक नाही. ही शिवण बघा, मलासुद्धा अशी जमत नाही. सगळं बिघडतं ते डावीकडे. तीन वर्षं बघतोय. बाई, तुमचे हात ठीक आहेत. डावा डोळा दाखवा. आणि मापं जुनी वापरता, ती बदला."

ताई, तीन वर्षांत खरं बोलला तो एकटा. माझं गिऱ्हाईक ज्याच्याकडे पळालं तो! मी म्हटलं, "मग आधी का नाही आलात?" तर म्हणे, "सगळ्यांनी शपथ घातली होती. आणि माझ्यासारख्याने येऊन सांगितलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, हा दुकान बंद पाडायला आलाय." खरंय. तसंच वाटलं असतं.

मापांचं त्याने म्हटलं ते मला फार झोंबलं. डोळ्याचा दोष माझा नाही, पण वर्षानुवर्षं टेप हातात घेतली नाही, हा माझाच. माणसं बदलत होती आणि मी भिंतीकडे बघून बेतत होते. त्या कागदांसाठी मी आता रडणार नाही. पण ते न विचारता फेकलेत ह्याची माफीही देणार नाही.

तिथून नर्सला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. वाटेत तिच्याशी एक शब्द बोलले नाही, ती मुसमुसत होती. डॉक्टरने दिवा मारून पाहिलं. मोतीबिंदू, डावा पूर्ण पिकलाय. किती वेळाचं काम, असं मी विचारलं. "वीस मिनिटं," म्हणाला.

वीस मिनिटं, ताई! तीन वर्षं अख्खी गल्ली, माझा लेक, माझी सख्खी बहीण, सगळे मिळून माझ्यावर दया करत होते, आणि काम वीस मिनिटांचं! मी तिथे खुर्चीत बसून ओरडले, "वीस मिनिटं?" डॉक्टर घाबरून म्हणाला, "फार तर पंचवीस." नर्स रडता रडता हसायला लागली आणि मग मलाही आवरेना. पण म्हणून राग गेला असं समजू नकोस. शुक्रवारी ऑपरेशन आहे.

काल रविवार होता. सगळ्यांना निरोप धाडला की मी शिवलेले, चौकात न गेलेले कपडे असतील ते घालून या, पाच वाजता. लेक, सूनबाई, पोस्टमन, नर्स, मैत्रीण, सगळे आले. पोस्टमनचा सत्कार जुन्या करड्या कोटावरच झाला, नव्याचं कापड तसंच पडलंय. मी म्हटलं, "आता एकेकाने पुढे यायचं आणि काय बिघडलंय ते सांगायचं. जो 'छान आहे' म्हणेल त्याचा कपडा मी पुन्हा कधीही शिवणार नाही." कुणी हलेना. एकमेकांकडे बघत उभे. मी टाचण्यांची डबी उघडून बसले. शेवटी माझी सूनबाई, जी दहा वर्षांत मला उलट बोलली नाही, ती पुढे आली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आई, काखेत काचतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून काचतं."

ताई, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून! तेव्हा माझे डोळे ठणठणीत होते. मी तिच्या काखेत पहिली टाचणी लावली. मग जी रांग लागली, जी तोंडं सुटली! लेकाला गळा घट्ट, मैत्रिणीला खिसे चुकीच्या जागी, पोस्टमनला तर बारा तक्रारी. दिवे लागेपर्यंत मी ऐकत होते, टाचण्या लावत होते, आणि टेपने एकेकाचं माप घेऊन वहीत लिहीत होते. इतकं बरं मला त्या बागेतसुद्धा वाटलं नव्हतं. डोळा बरा होईपर्यंत शिवण चौकातला टेलर घालेल. बेतणार मी. खोली लेकाची रिकामीच राहील.

आता तू. कपाटातून ते तिन्ही कोट काढ. एकेक घाल, आरशासमोर उभी राहा, हात वर कर, खाली वाक, बसून बघ. कुठे ओढतं, कुठे लोंबतं, कुठे काचतं, सगळं लिहून काढ आणि कोटांसोबत पाठव. काही गाळू नकोस. आणि लिहिताना मला बहीण समजू नकोस.

ठमी